दोन परंपरांचे गुरू, आणि मध्ये माझा गुडघा

डावा_गुडघा:
गोएंका गुरुजींची विपश्यना ध्यानाची, दहा दिवसांची तीन शिबिरं केली आहेत. आधी आनापान, म्हणजे श्वास बघत नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर लक्ष. मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत फिरायचं. मला ते मानवलं, तक्रार नाही. पण अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलता बसायच्या तासाला चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास गुडघा पेटतो आणि माझी समता, म्हणजे न चिडता नुसतं बघणं, हे निव्वळ नाटक. ओठ मिटलेले, आत शिव्या.

मध्यंतरी ब्रह्मदेशातले भिक्षू महासी सयाडो यांची पद्धत वाचली. पोट फुगतंय, बसतंय, याची मनात नोंद करायची. दुखलं तर 'दुखतंय'. एका संध्याकाळी करून पाहिलं. दोन-तीनदा 'दुखतंय' झालं आणि मागोमाग आपसूक 'चिडतोय' आलं. दुखणं तेवढंच होतं, चिडणारा मात्र पहिल्यांदा दिसला.

तेव्हापासून महासींबद्दल कृतज्ञता वाटते आणि लगेच चोरी केल्यासारखंही वाटतं. एक जुने साधक म्हणाले, दोन दगडांवर पाय नको. तुमचा काय अनुभव?

जुनी_चटई:
शिबिरात मिसळू नका, तसं कबूल करूनच आपण बसतो. आदराला कोण अडवतंय? बाकी, १९५५ मध्ये गोएंका अर्धशिशीने बेजार होऊन ऊ बा खिन (पुढे त्यांचे गुरू) यांच्याकडे गेले, तेव्हा नुसत्या डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी सुनावलं होतं. गुडघ्याचंही तेच समजा :)

उंबरठा:
मला ध्यान शिकवणाऱ्या दीपा मा सर्वांत जवळच्या. दोन मुलं गेली, नवरा गेला, स्वतः आजारी. रंगूनमध्ये महासींच्या परंपरेतल्या मुनींद्रजींकडे साधना केली आणि पुढे कोलकात्याच्या लहानशा घरात बायकांना शिकवलं. बाळाला पाजताना पाजण्याकडेच लक्ष ठेव, म्हणायच्या. घर सुटत नाही म्हणून रडणाऱ्या माझ्यासारखीला आणखी काय हवं? त्यांच्याकडे शिकलेले अमेरिकन साधक जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग गोएंकांच्या शिबिरांतही बसले होते. तिसरे जॅक कॉर्नफील्ड, थायलंडचे भिक्षू अजान चाह यांचे शिष्य. तिघांनी मिळून १९७५ मध्ये अमेरिकेत ध्यानकेंद्र काढलं. दगड मोजा आता.

भिंतीकडे_तोंड:
थोडं कडू बोलतो. सगळे गुरू आवडतात, याचा अर्थ पुष्कळदा एकाचंही पुरतं ऐकायचं नसतं. मी झेनकडे गेलो. तिथे भिंतीसमोर नुसतं बसायचं. नोंद नाही, फिरणं नाही. दोन आठवड्यांत कंटाळून तिबेटी मंत्रांकडे वळलो. तो कंटाळाच बघायचा होता, हे फार उशिरा कळलं. तुम्ही शिकायला गेलात की पळायला, ते तपासा.

डावा_गुडघा:
खरं सांगू? थोडं पळायलाच. सहा महिने आता एकच धरतो, गुरुजींनी शिकवलेलं. नोंद करायची नाही, असं ठरवून काल बसलो. चाळिसाव्या मिनिटाला 'चिडतोय' न बोलावता आलं. हाकललं नाही. महासींना मनातल्या मनात नमस्कार केला आणि घोट्याकडे सरकलो.