उसाच्या पट्ट्यात कृष्णवर्णीय स्त्रीवादी कलेचं प्रदर्शन : सुरुवात कुठून, आणि साखर टिकवायची कशी?

कृष्णाकाठ : जानेवारीत, गाळप जोरात असताना, सांगलीत छोटं प्रदर्शन आणि वाचनगट ठरतोय. कृष्णवर्णीय स्त्री-कलाकारांनी जमीन, पाणी, पीक यांकडे कसं पाहिलं, हा विषय. कारा वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकार बाईंच्या साखरेच्या शिल्पापासून सुरुवात करावी, असं बहुतेकांचं मत. शेजारी साखरेत घडवलेला कोयता आणि कळशी ठेवायची आहे. सुरुवात योग्य आहे का? साखर कशी टिकेल?

रेघ : वॉकर घ्याच, पण आधी सिल्व्हिया विंटर वाचा. जमैकाच्या या विचारवंत बाईंनी 1971 च्या निबंधात दोन जमिनी समोरासमोर ठेवल्या. एक बाजारासाठी पिकवणारा मळा. दुसरा, गुलामांना पोटापुरतं पिकवायला दिलेला तुकडा. मालकाने तो स्वतःचा धान्यखर्च वाचवायला दिला होता, पण कंद लावणाऱ्यांनी त्यातच आपल्या चालीरीती जिवंत ठेवल्या. हे वाचलं की निसर्ग म्हणजे देखावा उरत नाही. कुणाचे हात आणि कुणाचं पोट, हा प्रश्न उभा राहतो.

मग वॉकर. 2014, ब्रुकलिन, पाडकामाआधीचा डॉमिनोचा साखर कारखाना. सुमारे 75 फूट लांब, 35 फूट उंच स्फिंक्स, म्हणजे माणसाचं डोकं आणि सिंहाची बैठक असलेली आकृती, इथे स्त्रीदेही. आत पॉलिस्टायरीनचे ठोकळे, वरून साखर. भोवती टोपल्या घेतलेल्या मुलांच्या मूर्ती. त्या नग्न देहापुढे काही प्रेक्षकांनी अचकट फोटो काढले आणि वाद पेटला. बेटी सार या ज्येष्ठ कलाकार बाईंनी तर 1990 च्या दशकातच वॉकर यांच्या प्रतिमांना जाहीर विरोध केला होता. हा वाद भिंतीवर लावा. नुसता भव्य फोटो लावलात तर विषय हातचा जाईल.

पाण्यासाठी लाटोया रुबी फ्रेझियर या छायाचित्रकार बाईंचं अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातलं काम पाहा. 2014 मध्ये शहराला नदीचं पाणी द्यायला सुरुवात झाली आणि नळातून शिसं आलं. फ्रेझियर यांनी एका घरातल्या स्त्रियांचे फोटो काढले, आणि 2019 मध्ये हवेतून पाणी काढणारं यंत्र वस्तीत आणायला मदतही केली. माझ्या मते तुमच्या विषयाचा गाभा हाच.

गुऱ्हाळ : साखरेच्या दोन पद्धती आहेत. काचेसारखी हवी तर 1 किलो साखर, 350 मिली पाणी, 250 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. उकळी आल्यावर ढवळू नका, नाहीतर खडे धरतात. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने खाली सोडा. 150 ते 155 अंश सेल्सिअसवर उतरवा; त्यापुढे रंग तांबूस होत जातो. तेलाचा हात लावलेल्या सिलिकॉन साच्यात ओता. जाडी 2 सेंमीच्या आत ठेवा, कारण बाहेरचं आधी गार होतं, आतलं मागे राहतं आणि तडा जातो. पाक कातडीला चिकटून खोल भाजतो. जाड हातमोजे आणि बादलीभर गार पाणी जवळ हवंच.

कळशी मात्र पाकाची करू नका, दुसऱ्या पद्धतीने करा. 1 किलो साखरेत 40 मिली पाणी चोळून साच्यात दाबा, उलटी काढा, दोन दिवस वाळू द्या. ही दमट हवेतही पाकापेक्षा जास्त टिकते. पाकाच्या वस्तू बंद ॲक्रिलिक पेटीत, सिलिका जेलसह, हॅलोजन दिव्यापासून लांब ठेवा. गूळ साखरेहून लवकर पाणी ओढतो. काकवीचा काळा रंग हवा असेल तर ती प्लॅस्टरवर फासा. वॉकर यांच्याकडेही साखरेत ओतलेल्या मुलांच्या काही मूर्ती उन्हाळ्यात वितळून मोडल्या. ते तुकडे उरलेल्यांच्या टोपल्यांत ठेवले गेले. तेव्हा मोडलेलं काय करायचं, हे आधीच ठरवा.

फड : कोयता ठेवताय, म्हणून सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजतात; बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, तरी उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. हे त्या भिंतीवर यायला हवं. पण ऊसतोड म्हणजे गुलामगिरीच, असं सरळ लिहू नका: गुलामगिरीत माणूसच मालमत्ता होता, ऊसतोडीत उचलीचं कर्ज, मुकादम आणि जात आहे. संध्याकाळी कार्यक्रम ठेवून तोडणीतल्या बायकांना बोलावलंत तर त्या येणार नाहीत. गाडी रात्रीही भरावी लागते. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, जा, बुडालेली मजुरी द्या, फोटोआधी त्यांना स्वतःला विचारा, मुकादमाला नव्हे.