फासा बरा की ठरलेली पात्रता?

प्रश्न: 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये मन वळवण्याचे कौशल्य भरपूर वाढवूनही, चोरी पकडली गेली तेव्हा वीस बाजूंच्या फाशावर नेमका १ पडला आणि माझ्यावर कोठडीची पाळी आली, मग कौशल्य वाढवण्याला अर्थ तो काय उरला?

प्रतिसाद १: आपली तक्रार रास्त आहे. 'फॉलआउट ३'मध्ये (२००८) समोरच्याला पटवण्याची शक्यता टक्क्यांत असे, त्यामुळे खेळाडू जुना सेव्ह (खेळाचा जपून ठेवलेला आधीचा टप्पा) उघडून पुन्हा पुन्हा नशीब आजमावत. 'फॉलआउट: न्यू व्हेगस'ने (२०१०) तिथे कौशल्याचा ठरावीक आकडा ठेवला. ५० हवे असताना ४९ असतील, तर कितीही विनवण्या व्यर्थ.

प्रतिसाद २: पण तो आकडा आधीच दिसला की संवाद वाचतो कोण? मला 'डिस्को एलिझियम'चा (२०१९) मार्ग पटतो. तिथे दोन फाशांची बेरीज घेतात, म्हणजे ७ येण्याची शक्यता ३६ पैकी ६ आणि १२ येण्याची अवघी १. निकाल मधल्या आकड्यांभोवती घुटमळत असल्याने कौशल्याच्या एकेका गुणाला वजन येते. तिथे फाशांच्या चाचण्या दोन रंगांच्या असतात: पांढरी चाचणी फसल्यास ते कौशल्य वाढवून पुन्हा देता येते, लाल मात्र एकदाच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल सेव्ह न उघडता कोठडीचे कुलूप काढून निसटलो. त्यासाठीही फासाच टाकावा लागला म्हणा, पण या खेपेस १७ पडले.