नळाला हात लावला की झिणझिण्या येतात – अर्थिंगबाबत मदत हवी आहे

पारिजात_ठाणे
आम्ही ठाण्यातील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या पंधरवड्यापासून न्हाणीघरातील नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. दोन वायरमन येऊन गेले. पहिल्याने काहीच दोष नसल्याचे सांगितले आणि दुसऱ्याने सॉकेटमध्ये वीतभर वायर जोडून पाचशे रुपये नेले. असा सौम्य धक्का रोज बसत राहिल्यास आरोग्यावर काय परिणाम होतो, एवढेच विचारायचे आहे. कृपया नेमके उत्तर द्यावे.

सुतळी
गिझरचे बटण बंद असतानाही असे होते का? ती वीतभर वायर सॉकेटमध्ये कोठून कोठे जोडली आहे? घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) आहे का? हे कळल्याशिवाय नेमके उत्तर कोण देणार?

शहाळे
अर्थिंगचा नवा खड्डा करून घ्यावा. गावच्या घरी आम्ही मीठ आणि कोळसा भरून तांब्याची पट्टी पुरली आहे, उन्हाळ्यात त्यात दोन बादल्या पाणी ओततो आणि आजवर एकदाही तक्रार आलेली नाही.

सुतळी
तिसऱ्या मजल्यावर तो कोठे खणायचा, हेही सांगावे.

पहाटवारा
मूळ दोष शरीरात साचलेल्या विजेचा आहे. मी सॉकेटच्या अर्थला जोडायची चटई वापरतो आणि तेव्हापासून मला झोप उत्तम लागते.

जुना_फ्यूज
पहाटवारा, ज्या घरात अर्थिंगचीच खात्री नाही, तेथे त्या सॉकेटला जोडलेल्या चटईवर झोपणे म्हणजे दोष असलेल्या तारेवर स्वतःहून अंग टाकणे आहे. कृपया हा सल्ला येथे देऊ नये.

पारिजात, शरीरातून सुमारे एक मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) प्रवाह गेला की झिणझिण्या जाणवतात, दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो आणि तीसच्या वर प्रवाह काही काळ छातीतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. ओल्या अंगाचा रोध बराच कमी होत असल्याने कोरड्या हाताला सौम्य वाटणारा दोष आंघोळीच्या वेळी जिवावर बेतू शकतो. त्यामुळे प्रश्न दीर्घकालीन परिणामांचा नाही, तर उद्याच्या आंघोळीचा आहे. आता सुतळी यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

पारिजात_ठाणे
गिझर बंद असला तरी होते. आरसीसीबी नाही. ती वायर अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडली आहे. महिनाभरापूर्वी सोसायटीने तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंतचे गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून प्लास्टिकचे घातले, पण त्याचा विजेशी संबंध नाही. वडिलांना पेसमेकर आहे, हे सांगायचे राहिले.

सुतळी
संबंध तेथेच आहे! तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आजच बसवावा.

जुना_फ्यूज
बसवावाच, मात्र त्यावर विसंबू नये. अनेक जुन्या इमारतींत घराघरांची अर्थची तार पाण्याच्या पाइपला बांधलेली असते. खालचा भाग प्लास्टिकचा झाल्याने वरचा लोखंडी पाइप जमिनीपासून तुटला आणि आता कोणाच्याही गिझरमधील विजेची गळती सर्वांच्या नळांवर येते. गळती शेजाऱ्याकडची असेल, तर तुमचा आरसीसीबी तुमच्या फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमधील प्रवाहाचा फरकच पाहत असल्याने स्वस्थ बसेल. ती वीतभर वायर मात्र आजच परवानाधारक वायरमनकडून काढून घ्यावी, कारण बाहेर कोठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतील.

वडिलांनी त्या नळाला स्पर्श करू नये. अशा प्रवाहाने पेसमेकरच्या संवेदनेत गोंधळ होऊ शकतो, म्हणून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना हे आजच कळवावे.

शहाळे
म्हणजे खड्डा लागणारच ना?

जुना_फ्यूज
लागेल, पण मीटर रूमजवळ, संपूर्ण इमारतीसाठी. तेथून प्रत्येक घरापर्यंत अर्थची स्वतंत्र तार वर न्यावी लागेल आणि उरलेला पाइपही तिला जोडावा लागेल. तोपर्यंत एकेका घराचा मेन स्विच बंद करून कोणत्या घराच्या वेळी नळावरील व्होल्टेज उतरते, ते वायरमनकडून मीटरने तपासून घ्यावे.

पारिजात_ठाणे
वायर काढून घेतली आणि वडिलांची आंघोळ बहिणीकडे ठरवली. आज वायरमनने तपासले. नळ आणि फरशी यांमध्ये 41 व्होल्ट होते. पाचव्या मजल्यावरील एका घराचा मेन बंद करताच ते दोनवर आले. ते गृहस्थ म्हणतात, आमच्या नळाला तर काहीच लागत नाही, मग गिझर आम्ही का बदलावा?

सुतळी
त्यांच्या घरात रबरी चपला घालून आंघोळ करतात का, हे विचारून पाहावे.