प्रतिसाद: अलींची हरवलेली साडेतीन वर्षे

आफ्रिकेतील किन्शासा येथील १९७४ची जॉर्ज फोरमन यांच्याविरुद्धची लढत हे मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्या कारकिर्दीचे शिखर होते, हे आपले मत मला बरेचसे पटते. मात्र त्या लढतीतील डावपेच समजून घ्यायचे तर आधीच्या बंदीकाळाकडे पाहावे लागते. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमधील सैन्यभरती केंद्रात नाव पुकारले गेले असता त्यांनी पुढे पाऊल टाकण्यास, म्हणजे सैन्यात भरती होण्यास, नकार दिला आणि पंचविसाव्या वर्षी, म्हणजे ऐन उमेदीत, त्यांचे जगज्जेतेपद व खेळण्याचा परवाना दोन्ही काढून घेण्यात आले. पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा अपिलात असतानाच ते १९७० मध्ये पुन्हा रिंगणात उतरले, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तोवर पायांतली ती विलक्षण चपळाई मात्र ओसरली होती. माझ्या मते हा खेळाचाच मोठा तोटा होता.

म्हणूनच किन्शासात बत्तीस वर्षांचे अली सैल दोरांवर पाठ टेकून उभे राहिले, दोन्ही हातांआड चेहरा झाकून जॉर्ज फोरमन यांचे घणाघाती ठोसे दंडांवर आणि बरगड्यांवर झेलत राहिले, आणि समोरचा थकल्यावर आठव्या फेरीत त्यांनी त्याला लोळवले. पुढे १९८४ मध्ये निदान झालेल्या पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराशी या माराचा संबंध अनेकांनी जोडला आहे. ती लढत पाहताना मला आजही आनंदासोबत हळहळ वाटते.