पेणकर परिवार ग्रुप: नानांना बास गरवायला न्यायचं कुठे?

मंजूताई (टॅम्पा): सरळच विचारते. मेच्या अखेरच्या लाँग वीकेंडला नानांना टेक्सासच्या लेक फोर्कला न्यायचं, हे कधी ठरलं? केबिन घेतल्याचं मला वहिनीच्या स्टेटसवरून कळतंय.

अविदादा (डॅलस): घेतली नाही, होल्ड केलीये. फुकट कॅन्सल होते.

मंजूताई: होल्ड म्हणजे ठरलंच. २०१९ ला पण "होल्ड"च होतं.

छोट्या (डेट्रॉइट): ताई, प्लीज, २०१९ नको.

बंड्याकाका (ठाणे): शुभ सकाळ 🙏 आज संकष्टी. चंद्रोदय रात्री ९.५२.

अविदादा: मंजू, राग बाजूला ठेव आणि मला सांग, बास म्हटल्यावर टेक्सास सोडून दुसरं काय डोळ्यासमोर येतं? लेक फोर्कमध्ये १९९२ साली १८.१८ पौंडांचा लार्जमाउथ जातीचा बास निघाला, म्हणजे सव्वाआठ किलो. राज्याचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. वर १९८६ पासून इथे शेअरलंकर योजना आहे. तेरा पौंडांच्या वरची मादी मिळाली की लोक ती जिवंत सरकारी हॅचरीला देतात, तिची पिल्लं पुन्हा तलावांत सोडतात. माशांची वंशावळ सांभाळणारं राज्य आहे हे.

मंजूताई: वंशावळच काढायची तर पूर्ण काढ. ती जात टेक्सासने सत्तरच्या दशकात फ्लोरिडाहून नेली. तिचं नावच फ्लोरिडा बास. तुमच्या त्या सव्वाआठ किलोवालीचं माहेर आमच्याकडचं!

शिल्पावहिनी (डॅलस): 😀 हे मात्र बरोबर बोललात मंजूताई.

अविदादा: शिल्पा, तू कुणाच्या बाजूने आहेस?

शिल्पावहिनी: मी नानांच्या. लायसन्सचं काय? प्रत्येक राज्याचं वेगळं लागतं. नाना पाहुणे असले तरी त्यांना लागणारच. कुठे जायचं ते ठरल्याशिवाय मी पैसे भरणार नाही.

छोट्या: मेची अखेर. आमच्या मिशिगनचा लेक सेंट क्लेअर. स्मॉलमाउथ बास. मी एवढंच म्हणतोय.

रोहन (सॅन डिएगो): मामा, माहेर फ्लोरिडा असेल, पण सासर कॅलिफोर्निया. १९५९ ला तीच जात इथे आणली. आमच्या तलावांत ट्राउट मासा सोडतात, तो खाऊन बास असा सुटतो की विचारू नका. २००६ ला डिक्सन लेकमध्ये २५ पौंड १ औंसाचा लागला होता! म्हणजे अकरा किलोच्या वर. गळ तोंडात न लागता अंगात बाहेरून रुतला होता, म्हणून त्यांनी वजन करून सोडून दिला. विक्रमात नाही धरला.

बंड्याकाका: अकरा किलोचा बास? बास की राव!

रोहन: खरंच काका.

बंड्याकाका: अरे विनोद होता तो. बास = पुरे.

केदार (ओसाका): सगळे अमेरिकेतच फिरताय म्हणून सांगतो. जॉर्ज पेरीने १९३२ ला जॉर्जियात २२ पौंड ४ औंसाचा पकडला. ७७ वर्षं तो आकडा कुणी गाठला नाही. २००९ ला मानाबू कुरिताने गाठला, आणि तो आमच्या बिवा तलावात. खरं तर किंचित जास्तच भरला, पण जुना विक्रम मोडायला दोन औंस वर लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली. तेव्हा बेस्ट रीजन जपान 🙏

अविदादा: केदार, नानांचा व्हिसा अमेरिकेचा आहे रे.

केदार: माहितीये. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. बास इथला नाही. १९२५ ला हाकोनेच्या आशी तलावात आणून सोडला, तिथून देशभर पसरला. बिवात त्याने आणि ब्लूगिल नावाच्या दुसऱ्या परक्या माशाने स्थानिक माशांची पार वाट लावली. बिवा ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. काठावर पेट्या ठेवल्यात, त्यात टाकायचा. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा एक म्हातारे कोळी आजोबा शेजारी उभे होते, माझा मासा बघून काहीच बोलले नाहीत, नुसतं पेटीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून गेलो नाही.

नाना (पेण): केदार, वाचलं. आमच्याकडे तळ्यात चिलापी सुटली, तेच हे. एकदा शिरली की निघत नाही.

मंजूताई: नाना उठले! नमस्कार नाना 🙏

नाना: नमस्कार. आधी मला एक सांगा. हा बास म्हणजे आपला जिताडा का? इथे हॉटेलात मेन्यूवर सी-बास लिहितात आणि जिताडा वाढतात.

छोट्या: नाही नाना. नावच तेवढं सारखं. जिताडा वेगळा, खाडीत न् समुद्रात फिरणारा. हे गोड्या पाण्यातले, सनफिशच्या कुळातले. लार्जमाउथची ओळख म्हणजे तोंड मिटलेलं असताना जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे जातं. स्मॉलमाउथचं जात नाही, डोळा लालसर, अंग काशासारखं तपकिरी, त्यावर उभे पट्टे. आणि ओढीला म्हणाल तर दोन किलोचा स्मॉलमाउथ तीन किलोच्या लार्जमाउथला ऐकत नाही. पाण्याबाहेर उड्याच मारतो.

छोट्या: म्हणून म्हणतोय. मेची अखेर. सेंट क्लेअर. स्मॉलमाउथ.

अविदादा: छोट्या, वाचलं आम्ही. तिसऱ्यांदा नको.

छोट्या: दुसऱ्यांदाच आहे.

नाना: जिताडा कोलंबी ओढतो तेव्हा पच्च असा आवाज येतो. रात्री बांधावर बसलं की तो आवाज ऐकूनच अंगावर काटा यायचा. हाताळताना मात्र जपावं लागतं, गालाचं पातं ब्लेडसारखं कापतं. यांचं काय?

मंजूताई: नाना, याला खालच्या ओठाला अंगठा आत घालून धरायचं. दात म्हणजे नुसता पॉलिश पेपर. दिवसभरात पाच-सहा मासे धरले की अंगठ्याचं साल निघतं, चारचौघांत मिरवायचं. आणि लागतो तेव्हा आवाज नसतो. प्लॅस्टिकचा गांडूळ तळाला सोडून बसायचं. दोरीला एक बारीक "टक" लागते, आणि मग दोरी आपोआप बाजूला चालायला लागते. २०१९ ला गंटर्सव्हिलला माझी दोरी अशीच चालली होती.

छोट्या: झालं.

मंजूताई: हो, बोलणारच. अलाबामा सगळ्यांना मधोमध पडतं म्हणून तिथल्या गंटर्सव्हिल तलावाला गेलो. पहाटेपासून मी एकाच शेवाळाच्या कडेला गळ टाकत होते. साडेदहाला लागला. आणि अविदादाने "दे, तुटेल" म्हणून माझ्या हातातून रॉड घेतली. मासा वर आला, तोंड उघडलं, मान झटकली, गेला. माझ्या मुलीने तो बघितलाय. फुटबॉलएवढं पोट होतं त्याचं.

अविदादा: दोरी दहा पौंडांचाच ताण सोसणारी होती मंजू. मला वाटलं...

मंजूताई: दोरी माझी होती.

बंड्याकाका: (पाठवलेला मेसेज डिलीट केला)

शिल्पावहिनी: बंड्याकाका, बरं केलंत.

मंजूताई: आणि आता मुद्द्याचं. मी नोव्हेंबरात याच ग्रुपवर लिहिलं होतं, नानांचं तिकीट जानेवारीचं काढा. आमच्या फ्लोरिडातल्या ओकीचोबी तलावाला जानेवारी ते मार्च मादी अंडी घालायला काठाच्या गवतात येते, मांडीभर पाण्यात. उत्तर कुणी दिलं? कुणीच नाही. मेच्या अखेरीला मी स्वतः म्हणणार नाही की फ्लोरिडाला या. ऊन, दुपारी गडगडाट, मासा सुस्त. पण तेव्हा टेक्सासला तरी काय वेगळं असतं?

अविदादा: फोर्कला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चांगले मिळतात.

मंजूताई: बोटीतून, खोल पाण्यात. काठावरून नाही. फेब्रुवारी-मार्च असता तर मी स्वतः म्हटलं असतं फोर्कला चला.

नाना: मंजू, तिकिटाचा दोष अवीला देऊ नकोस. शिमगा टाकून मी येणार नव्हतो, हे मीच त्याला फोनवर सांगितलं. पालखी दारात येते आणि घराला कुलूप, हे मला जमायचं नाही. आणि गणपतीच्या आधी मला परत पोचायचंय. मधल्या दिवसांत काय ते बसवा.

मंजूताई: हे मला कुणी सांगितलं नव्हतं नाना.

अविदादा: मी सांगायला हवं होतं.

नाना: दुसरं. परवा अवी म्हणाला की मासा पकडून परत सोडायचा. मग गरवायचा कशाला? जिवाला त्रास द्यायचा आणि खायचाही नाही, हे मला पटत नाही.

अविदादा: नाना, १९७२ ला रे स्कॉटने स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून सोडायची पद्धत रुजवली. त्याआधी स्पर्धा संपली की मेलेल्या माशांची रास पडायची. आता फोर्कला नियमच आहे, १६ ते २४ इंचांमधला मासा सोडलाच पाहिजे. त्याहून लहान घरी न्या. मोठा दिवसाला एकच. मधल्या मापाच्या माद्या वाचल्या तर पुढची वीस वर्षं तळं भरलेलं राहतं. मी मुलांना पहिल्या दिवशी मासा सोडायलाच शिकवलं. हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. मग पाण्यात आडवा धरायचा, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत.

नाना: माप ठरवून सोडतात, हे पटलं. आपणही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढतोच. समजलं.

रोहन: मामा, हे भारी सांगितलंत.

छोट्या: नाना, आता मी पूर्ण सांगू का? एकदाच. आमच्याकडे पाणी उशिरा तापतं. तुमच्याकडचा फेब्रुवारी-मार्च तो आमचा मे-जून. पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की स्मॉलमाउथ उथळ पाण्यात येतो, नर खड्डा करून अंडी राखत बसतो. मेच्या अखेरीला सेंट क्लेअरला नेमकं तेच चालू असतं. शिंपले आल्यापासून पाणी काचेसारखं झालंय, आणि गोबी नावाचा परका मासा खाऊन बास जाडजूड झालेत. केदारदादाचं दुःख मला कळतं, इथेही परके पाहुणे आहेत, हे शिंपले आणि गोबी जहाजांच्या टाकीतल्या पाण्यातून आले. पण आमचा बास मूळचा इथलाच. तळ्याकाठच्या मेट्रोपार्क बागेत पक्का धक्का आहे, गाडी जवळ लागते, बाक आहेत. गुडघ्यांना त्रास नाही.

नाना: खायला?

छोट्या: बास नाही. सेंट क्लेअरला तो ठेवायला परवानगी जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून. मेमध्ये लगेच सोडायचा. पण यलो पर्च मिळतो. छोटा, गोड, रव्यात तळायला एक नंबर.

शिल्पावहिनी: कोकम आगळ मी आणते. रवा छोट्याने घ्यावा. जाड नको, बारीक.

मंजूताई: मोठे बास तसेही खाऊ नयेत नाना, त्यांच्यात पारा साठतो. छोट्याचं बरोबर आहे. मे अखेर असेल तर मिशिगनच.

नाना: मला वजनाचं काही नाही रे पोरांनो. सत्तरीत विक्रम करून कुठे लावू? जो मासा कधी बघितला नाही, तो काठावर बसून एकदा हाताला लागावा. ज्या महिन्यात तो काठाला येतो तिथे न्या.

(पाच मिनिटं ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.)

अविदादा: होल्ड काढला.

अविदादा: आम्ही चौघं शुक्रवारी विमानाने येतो. छोट्या, लाइफ जॅकेट किती आहेत तुझ्याकडे?

छोट्या: सहा. दादा, थँक यू.

मंजूताई: आम्ही तिघं. २०१९ चा तो निळा कूलर कुणाकडे आहे?

शिल्पावहिनी: आमच्याकडेच. मी द्यायचा विसरले, सॉरी.

अविदादा: मंजू, तुझी रॉड तूच आण. तुटली तरी मी हात लावणार नाही.

मंजूताई: बरं. मासा वर आला की जाळी मात्र तूच धर.

अविदादा: धरतो.

केदार: फोटो टाका. मी इथून बघतो.

नाना: मला एक विचारायचं होतं. माझी बांबूची जुनी गरी विमानात आणू देतात का? दादांनी मला ती नववीत असताना करून दिली होती.

शिल्पावहिनी: लांबी किती आहे नाना? गळ काढून खोबऱ्याच्या डबीत ठेवा, काठी कापडात गुंडाळून चेक-इनला द्या. एअरलाइनला मी उद्या फोन करून विचारते.

नाना: साडेपाच फूट.

बंड्याकाका: चंद्र दिसला. मी जेवायला बसतो.