डॉमिनिका : आईवडिलांना घेऊन जाण्याजोगा देश आहे का?

रानवेडी

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. येत्या फेब्रुवारीत माझे आईवडील पुण्याहून आमच्याकडे येत आहेत आणि त्यांना घेऊन आठवडाभर कॅरिबियनमधल्या एखाद्या छोट्या देशात जावे असा विचार आहे. दोघांनीही साठी ओलांडली आहे. बाबा अजूनही नेमाने सिंहगड चढतात, आईचे गुडघे मात्र अलीकडे कुरकुरू लागले आहेत. मोठ्या हॉटेलच्या आवारात, आखून दिलेल्या किनाऱ्यावर पडून राहण्याची आम्हा कोणालाच हौस नाही. ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेल्या डॉमिनिकाबद्दल वाचले, तेव्हापासून तो देश मनात घर करून आहे. तिथे नेमके काय पाहावे, उकळत्या तळ्याची चढण आम्हाला झेपेल का, भारतीय पासपोर्टवर काही अडचण येते का आणि आईच्या शाकाहारी जेवणाचे काय, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाऊलवाट

सर्वप्रथम एक सावधगिरीची सूचना. तिकीट काढताना डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश निवडला जात नाही ना, हे नीट पाहून घ्या. तो स्पॅनिशभाषक आणि कितीतरी मोठा देश आहे. तुम्हाला जायचे आहे त्या डॉमिनिकाचे क्षेत्रफळ अवघे ७५० चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती सुमारे ७० हजार आहे. राजधानी रोझो. ३ नोव्हेंबर १९७८ रोजी हा देश ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असली, तरी फ्रेंच मळेवाल्यांच्या काळापासून रुजलेली क्रेओल बोली बाजारात, बसमध्ये आणि गाण्यांत आजही ऐकू येते.

पांढऱ्या वाळूसाठी या बेटावर कोणी जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. बहुतेक किनारे ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे किंवा गोट्यांचे आहेत आणि जे थोडे सोनेरी वाळूचे आहेत ते उत्तरेकडे. या देशाचे खरे वैभव त्याच्या डोंगरांत आहे. मोर्न डायब्लोटिन्स हे सर्वोच्च शिखर १४४७ मीटर उंच आहे. इतक्या चिंचोळ्या बेटावर एवढी उंची असल्यामुळे अटलांटिकवरून येणारे ढग तिथे अडतात, धो धो पाऊस पाडतात आणि त्या पावसावर वर्षावने, नद्या आणि धबधबे बारा महिने जिवंत राहतात. दक्षिणेतल्या मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानाला १९९७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. डोंगरांमुळेच इथे फार मोठे विमानतळ आजवर झाले नाही आणि त्यामुळे मोठ्या हॉटेलांची गर्दीही वाढली नाही. वेस्ली गावाजवळ नव्या विमानतळाचे काम सुरू झाले आहे, तेव्हा हे बेट आज जसे आहे तसे पाहायचे असेल, तर फार वर्षे थांबू नये असे मला मनापासून वाटते.

मायामीहून थेट विमान आहे. डग्लस-चार्ल्स विमानतळ ईशान्य किनाऱ्यावर आहे आणि तिथून रोझोला पोहोचायला वळणावळणाच्या रस्त्याने तास-दीड तास लागतो. भारतीय नागरिकांना डॉमिनिकाच्या अल्प मुक्कामासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत. खरी अडचण वाटेत येते. आईवडिलांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आणि परतीच्या दिवशी वैध असायला हवा, आणि परत आल्यावर मुक्कामाची मुदत नव्याने मिळेल हे गृहीत धरू नये. ग्वादलूप किंवा मार्टिनिकहून फेरीबोटीने येण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ती बेटे फ्रान्सची असूनही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाहीत. त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.

कोकणकडा

उकळत्या तळ्याविषयी लिहितो, कारण त्या वाटेने मी चाललो आहे. लोडा गावाजवळच्या टिटू घळीपासून वाट सुरू होते आणि जाऊन-येऊन साधारण सहा तास लागतात. सावकाश चालणाऱ्यांनी त्याहून अधिक वेळ धरावा. आधी दाट जंगल, मग उघड्या धारेवरची चढण, आणि त्यानंतर गंधकाच्या वासाने भरलेली, वाफा सोडणारी वैराण दरी उतरून पलीकडे जावे लागते. त्या दरीत पाय कुठे टाकायचा हे वाटाड्यालाच ठाऊक असते. पातळ कवचाखाली उकळते पाणी असू शकते, म्हणून वाटाड्याचे पैसे वाचवण्याचा विचारही करू नये. शेवटी समोर येते ते सुमारे ६० मीटर रुंदीचे राखाडी-निळे पाणी, मध्यभागी सतत खदखदणारे आणि वाफेने झाकलेले. खालच्या लाव्हारसाच्या उष्णतेने तापलेले वायू भेगांतून वर येत असल्यामुळे ते असे उकळत राहते. २००४ च्या अखेरीस त्याची पातळी एकाएकी खाली गेली होती आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा भरले.

सिंहगडाचा सराव असलेल्या तुमच्या बाबांना ही वाट जमू शकेल, मात्र सिंहगडाची पायवाट आणि ओल्या मुळांवरून, चिखलातून सहा तासांची ही चाल यांत फार अंतर आहे. आईंना मात्र नेऊ नये. त्यांच्या वाट्याला कमी काही येते असे समजण्याचे कारण नाही. ट्रफॅल्गरचे जुळे धबधबे थोडेसे चालून दिसतात, एमराल्ड पूलची वाटही सोपी आहे आणि फ्रेशवॉटर लेकपर्यंत गाडी जाते. वॉटन वेवनच्या गरम पाण्याच्या कुंडांत बसल्यावर कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनाही बरे वाटावे. पोर्ट्समथजवळच्या इंडियन नदीतून वल्ह्यांच्या होडीने जाताना दोन्ही काठांवरच्या झाडांची पसरलेली मुळे पाहणे हा तर बसल्या जागचा आनंद आहे.

फेब्रुवारीत जात आहात, तर पश्चिम किनाऱ्यावर देवमासे पाहण्यासाठी एक सकाळ अवश्य राखून ठेवा. तिथे किनाऱ्यालगतच समुद्र एकदम खोल होतो आणि स्पर्म जातीच्या देवमाशांची कुटुंबे वर्षभर राहतात. त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र करण्याची घोषणा सरकारने २०२३ मध्ये केली. माझ्या मते उकळत्या तळ्याहूनही हा अनुभव मोठा आहे.

रानवेडी

आपण दोघांनीही फार मोलाची माहिती दिलीत, आभारी आहे. बाबा आणि माझे यजमान तळ्याकडे जातील आणि आई व मी त्या दिवशी गरम कुंडांकडे, असे जवळजवळ ठरले आहे. जेवणाविषयी आणि स्वतः गाडी चालवण्याविषयी कोणी सांगू शकेल का? आणखी एक शंका आहे. काही वर्षांपूर्वीच्या वादळात तिथे फार नुकसान झाले होते असे ऐकले. आता परिस्थिती कशी आहे?

सागरवेळ

जेवणाची चिंता करू नका. तिथला कलालू हा रस्सा अळूच्या पानांचा करतात. त्यात कधी खेकडा किंवा खारवलेले मांस घालतात, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे लागते. अळूचे कंद, हिरवी केळी, रताळी, आणि आपण कोकणात ज्याला नीरफणस म्हणतो ते फळ, हे सगळे रोजच्या ताटात असते. रास्ताफारी पंथाच्या लोकांची छोटी खाणावळ दिसली तर आईंना तिथे निःशंक न्यावे, कारण त्यांच्या ‘आयटल’ स्वयंपाकात बहुधा मांस नसते. शनिवारी सकाळी रोझोच्या बाजारात गेलात, तर या भाज्या पिकवणाऱ्या बायकांशीच बोलता येते.

गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूने चालवतात आणि पाहुण्यांना तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. रस्ते अरुंद आहेत, कडेला खोल गटारे आहेत आणि काळोख पडल्यावर धुके येते. अमेरिकेत उजवीकडून चालवण्याची सवय झालेल्यांनी चालकासह गाडी ठरवावी, असे माझे मत आहे. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर आहे आणि एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून कायम आहे. लष्करी छपाईचे कपडे घालणे तिथे कायद्याने मना आहे, मुलांनासुद्धा. बाबांची तशी टोपी असेल तर घरी ठेवा.

वादळाविषयी. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचे चक्रीवादळ या बेटावर आदळले. बहुतेक घरांची छपरे उडाली, माणसे दगावली, डोंगरांवरची झाडे पानांविना उभी राहिली, आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक नुकसान झाले. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी एरिका वादळाच्या पुराने गावे वाहून गेली होती. तरीही या लोकांनी वादळात तग धरतील अशी घरे आणि पूल बांधायला घेतले आणि रानही पुन्हा हिरवे झाले. झेंड्यावर ज्याचे चित्र आहे तो सिसेरू पोपट मात्र त्या वादळानंतर फारच दुर्मीळ झाला आहे. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, त्यामुळे तुमचा फेब्रुवारी उत्तम.

एक दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या कालिनागो प्रदेशासाठी ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. युरोपीय येण्यापूर्वीपासून या बेटांवर राहणारे कालिनागो लोक इतर बहुतेक बेटांवरून नामशेष झाले किंवा हुसकले गेले. इथे डोंगरांच्या आसऱ्याने ते टिकले. १९०३ मध्ये त्यांच्यासाठी सुमारे ३,७०० एकर जमीन राखून ठेवण्यात आली. ती आजही सामाईक मालकीची आहे आणि त्यांचा प्रमुख निवडणुकीने ठरतो. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिल्व्हेनी बर्टन याच समाजातल्या आहेत, आणि त्या पदावरच्या पहिल्या महिलाही. तिथे कसाव्याची, म्हणजे साबुदाणा ज्यापासून होतो त्या कंदाची, भाकरी भाजताना पाहता येते. लारुमा या बोरूसारख्या वनस्पतीच्या कामट्यांच्या टोपल्या विणणाऱ्यांकडूनच विकत घ्या आणि फोटो काढण्यापूर्वी परवानगी मागा.

बाबांना क्रिकेट आवडत असेल, तर रोझोतले विंडसर पार्क मैदानही दाखवा. जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जैस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा काढल्या त्या तिथेच, आणि त्याच डावात रोहित शर्मानेही शतक केले होते. सामना नसला तरी मैदान शहराच्या मध्यातच आहे. बाजारातून चालत जाता येते.