इटालियन 'फेगातो' लॅटिनमधून आला कसा?

निशाचर:
सध्या इटालियन शिकतोय. व्हेनिसची एक फेमस डिश आहे, फेगातो आल्ला व्हेनेत्सियाना, म्हणजे भरपूर कांद्यात परतलेलं लिव्हर. तर फेगातो म्हणजे लिव्हर, पण लॅटिनमध्ये लिव्हरला येकुर म्हणतात. बाकीचे शब्द कसे सरळ येतात, मानुसचं (हात) मानो, लाकुसचं (तळं) लागो, मग हा फेगातो मधेच कुठून उपटला?

पोटोबा:
येकुरचा काही संबंधच नाही रे. फिकुस म्हणजे अंजीर, त्यावरून फिकातुम. रोमन लोक डुकरांना नाहीतर हंसांना अंजिरं चारचारून त्यांचं लिव्हर फुगवायचे आणि त्याला येकुर फिकातुम, म्हणजे अंजीरवालं लिव्हर, म्हणायचे. डुकरांना सुकी अंजिरं चारायची आयडिया अपिकियुस नावाच्या रोमन खवय्याची असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. ग्रीकांचा सिकोतोन हा शब्द आधीपासून होताच, सिकोन म्हणजे अंजीर, लॅटिनवाल्यांनी त्याचीच कॉपी मारली. मग बोलता बोलता येकुर गळालं, फिकातुम उरलं आणि पुढे कुणाचंही लिव्हर, माणसाचंसुद्धा, फिकातुमच.

निशाचर:
भारी! पण अंजिराला आजही फीकोच म्हणतात ना, मग इथे 'फे' आणि 'ग' कसे?

व्याकरणकाकू:
फिकुसमधली ई दीर्घ, ती टिकली म्हणून फीको. फिकातुममध्ये मूळ आघात (उच्चारातला जोर) 'का'वर होता, तो पुढे पहिल्या अक्षरावर सरकला आणि तिथली ई ऱ्हस्व झाली, बहुतेक त्या ग्रीक शब्दाच्या नादाने. लॅटिनमधल्या ऱ्हस्व इ वर आघात असेल तर इटालियनमध्ये ए होतो, पिलुसचं (केस) पेलो झालं तसं. म्हणून फेगातो म्हणताना जोर 'फे'वर द्यायचा, 'गा'वर दिलास तर मास्तरीण ओरडेल. क चा ग मात्र लहरी आहे, लागोमध्ये झाला, आमीकोमध्ये (मित्र, लॅटिन आमीकुस) नाही झाला.

बाकी येकुर आणि आपलं यकृत सख्खी भावंडं बरं का, संस्कृतात षष्ठीला यक्नः होतं तसंच येकुरचंही रूप बदलून येकिनोरिस होतं, दोन्हीकडे न येतो. मला तर हेच जास्त आवडतं.

निशाचर:
म्हणजे फ्रेंच फ्वा ग्रा, ती फुगवलेल्या लिव्हरची डिश, त्यातलं फ्वा पण अंजीरवालंच?

पोटोबा:
हो, तेच. स्पॅनिश ईगादो, रोमानियन फिकात सगळे तिथलेच. फक्त फ्वा ग्रा साठी आता मका चारतात, अंजीर कोणाला परवडतंय!